मराठी पानें कशांत लिहूं नयेत?

मराठींत संकेतस्थळें निघूं लागल्यास आतां पाव शतकाहून अधिक काळ लोटला. तरीहि आमच्या नांदेड-लातूरकडील एखाद्या शाळेचें, महाविद्यालयाचें अगर पतसंस्थेचें स्थळ उघडून पाहावें, तर तेथील मराठीची दशा पाहून मन विषण्ण झाल्यावांचून राहत नाहीं. दोष भाषेचा नाहीं, संगणकाचाहि नाहीं. पान ज्या साधनानें लिहिलें त्या साधनाच्या निवडीचा तो दोष आहे, आणि ती निवड डोळे मिटून होऊं देणाऱ्या आम्हां सुशिक्षितांचा आहे. "हें तंत्रज्ञांचें काम, त्यांत साहित्यविषयक मासिकानें कशाला पडावें?" असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें, कीं मराठी मजकूर टिकतो कीं नाहीं हा प्रश्न मराठी वाचणाऱ्यांचा आहे, आणि तो त्यांनींच धसास लावावयास हवा.

प्रथम सर्वांत मोठा अपराधी घेऊं. छापखान्यांतील डीटीपीच्या कामासाठीं एके काळीं कृतिदेव आणि तत्सम फाँट आले. छपाईवर त्यांचे उपकार मोठे आहेत; ते नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांची युक्ति काय, हें समजून घेतलें पाहिजे. हे फाँट संगणकास मराठी शिकवीत नाहींत. रोमन अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवितात. कृतिदेवांत 'मराठी' हा शब्द लिहिला, कीं संगणकाच्या स्मृतींत ई, जे, के, बी, एच हीं पांच रोमन अक्षरें जातात. आमच्या 'नायगाव'ची गत तर याहून मौजेची : यू, के, मग एक अर्धविराम, एक्स, के आणि ओ! ज्या गांवाच्या नांवाच्या पोटांत अर्धविराम आहे, तें गांव शोधणाऱ्यास सांपडावें कसें? कागदावर शाई वाळली म्हणजे मुखवटा कायमचा होतो. पडद्यावर मात्र तो ज्याच्या संगणकांत तोच फाँट आहे, त्याच्यापुरताच टिकतो. इतरांस खालचा रोमन कचरा दिसतो.

इ. स. २०००च्या सुमारास अनेक मराठी दैनिकांचीं स्थळें याच वाटेनें गेलीं. 'आधीं आमचा फाँट उतरवून घ्या' अशी पाटी प्रत्येकाच्या दारावर, आणि प्रत्येकाचा फाँट निराळा. फाँट पानाबरोबरच पाठविण्याची एक तोड मायक्रोसॉफ्टनें काढली. पण ती त्यांच्याच इंटरनेट एक्सप्लोररपुरती होती, आणि त्या ब्राउझरचा आधार १५ जून २०२२ रोजीं काढून घेण्यांत आला. दुसऱ्याच्या मर्जीवर भाषा टांगली, कीं असें होतें.

दुसरा मार्ग तेव्हांहि नव्हता असें नाहीं. इस्की हें भारतीय मानक १९९१ सालचें. युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षाची, आणि तींत देवनागरीस १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली. 'क'चा क्रमांक २३२५. तो नांदेडांत तोच, न्यू जर्सींत तोच, आणि फाँट कोणताहि असला तरी तोच. विंडोज २००० या प्रणालींत मंगल फाँटासह युनिकोड देवनागरीची सोय झाली. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच पायावर उभा आहे. २००८ सालीं आमच्या 'ॲ'लाहि स्वतःचें घर मिळालें. इतकें सर्व होऊनहि जो आज मुखवट्यांत पान लिहितो, त्याची सबब कोणती?

दुसरा आरोपी वर्ड. पत्र, प्रश्नपत्रिका, अहवाल लिहिण्यास हें साधन उत्तम. पण तेंच पत्र 'वेब पान म्हणून जतन करा' असें म्हणतांच त्याचा स्वभाव प्रकट होतो. तें पान वाचकासाठीं कमी आणि पुन्हां वर्डनेंच उघडावें यासाठीं अधिक लिहिलेलें असतें. चार ओळींच्या सूचनेभोंवतीं त्याच्या खासगी खुणांचें रान माजतें, आणि त्याचा भार मोबाइलवरून पान उघडणाऱ्या विद्यार्थ्याच्या माथीं पडतो. चित्रें एका निराळ्या फोल्डरांत जातात. लिपिक पान तेवढें चढवितो, फोल्डर मागें राहतो, आणि प्राचार्यांच्या छायाचित्राच्या जागीं रिकामी चौकट उरते. या खुणा गाळून जतन करण्याची सोय वर्डमध्यें आहे, हें खरें. पण जी सोय कोणी वापरीत नाहीं, तिचें पुण्य साधनास कसें द्यावें?

तिसरा फ्रंटपेज. मायक्रोसॉफ्टनें तें १९९६ सालीं दुसऱ्या कंपनीकडून घेतलें. शेवटची आवृत्ति २००३ची, आणि २००६ अखेर तें बंद झालें. त्यांतील अभ्यागत मोजण्याचे आंकडे, शोधाच्या चौकटी वगैरे अलंकार चालण्यास सर्व्हरवर त्याचेच खास जोड लागत. ते जोड गेले आणि अलंकार मृतवत् झाले. पण जुन्या संगणकावर तें आयतें सांपडतें, म्हणून अजूनहि त्याची शिफारस करणारे भेटतात.

चवथा प्रकार साधनाचाहि नव्हे, केवळ आळसाचा : सूचना पेजमेकरांत जुळवावी, तिचें चित्र काढावें आणि तें चित्रच पानावर चिकटवावें. दिसतें सुबक. परंतु त्यांतील एकहि शब्द शोधतां येत नाहीं, उतरवून घेतां येत नाहीं. आणि अंध विद्यार्थ्यास तर तें पान कोरेंच. त्यांच्यासाठीं एनव्हीडीएसारखीं पडदावाचक साधनें फुकट मिळतात. तीं मराठी वाचतातहि. मात्र त्यांना अक्षरें लागतात, अक्षरांचीं चित्रें नव्हेत. परीक्षेची तारीख अशा चित्रांत कोंडणें म्हणजे त्या विद्यार्थ्यास दारांतूनच परत पाठविणें होय.

आतां पूर्वपक्षाचे आक्षेप पाहूं. "आमच्या टंकलेखकाचा हात रेमिंग्टन कळफलकावर बसला आहे." बसूं द्या, तोच कळक्रम ठेवून युनिकोड उमटविणारीं साधनें आहेत. "युनिकोडांत सुंदर फाँट नाहींत." हें एके काळीं खरें होतें. आज मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें घडविलेले मुक्ता, बलू यांसारखे फाँट कोणासहि विनामूल्य वापरतां येतात. "आमच्या संगणकावर तर नीट दिसतें!" हा सर्वांत घातक युक्तिवाद. पान आपल्या संगणकासाठीं नसतें. तें नरसीच्या, देगलूरच्या, पुण्यांत शिकणाऱ्या मुलाच्या हातांतल्या यंत्रासाठीं असतें.

कोणी मोडीचा दाखला देतात : "मोडीहि आज कोणास वाचतां येत नाहीं, म्हणून काय बिघडलें?" बिघडलें पुष्कळ, दप्तरेंच्या दप्तरें जाणकाराची वाट पाहत पडलीं आहेत. तरीहि मोडी ही खरी लिपि आहे. तिचें अक्षर शिकलें, कीं कागद बोलूं लागतो. २०१४ सालीं तिलाहि युनिकोडांत स्थान मिळालें. मुखवट्याच्या फाँटांची गोष्ट निराळी. एकाचा काना तो दुसऱ्याची वेलांटी. किल्ली हरवली, कीं मजकूर गेला. आमच्या पिढीनें लिहिलेलें आमच्याच नातवंडांस असें गूढ व्हावें, हें कोणत्या सुशिक्षित घरास रुचेल?

मराठवाड्यास तर हा विषय अधिक बोंचावा. निजामी राजवटींत १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचें उच्च शिक्षण उर्दूंतून चाले, आणि मराठी बोलणाऱ्या मुलास स्वभाषा घरीं ठेवून वर्गांत जावें लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य गेलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली आणि आम्ही पेढे वांटले. मग त्याच मराठीस संगणकावर परक्या अक्षरांच्या बुरख्यांत आम्ही आपल्या हातानें कां बसवितों? आज शोधयंत्रें आणि भाषांतराचीं यंत्रें मराठी शिकतात तीं लिहिलेल्या मजकुरावरून. मुखवट्यांतील मजकूर त्यांच्या लेखीं मराठी नाहींच.

वापरावें काय, हें थोडक्यांत सांगतां येईल. विंडोजमधील नोटपॅडहि पुरतें. २०१९ पासून तें मूळचेंच यूटीएफ-८ पद्धतीनें जतन करतें. त्याआधींच्या प्रतींत ती पद्धति हातानें निवडावी, नाहीं तर देवनागरीच्या जागीं प्रश्नचिन्हांच्या रांगा लागतात. पानाच्या आरंभीं यूटीएफ-८चा उल्लेख करावा, आणि भाषा मराठी असल्याची खूण घालावी, म्हणजे पडदावाचकास योग्य आवाज निवडतां येतो. एचटीएमएलच्या लागणाऱ्या दहा-बारा खुणा कोणताहि पदवीधर दोन सायंकाळीं शिकूं शकेल.

आणि परीक्षा? ती प्रत्येक पालकास करतां येईल. आपल्या पाल्याच्या महाविद्यालयाचें पान उघडावें, त्यांतील एक मराठी शब्द उचलून नोटपॅडांत टाकावा. तो मराठीच राहिला, तर पान उत्तीर्ण. उचलतांच येत नसेल, किंवा त्याचीं रोमन अक्षरें झालीं, तर प्राचार्यांस एक पत्र लिहावें, आणि पान दुरुस्त होईपर्यंत दरमहा लिहीत राहावें.