स्पीकर खिशातच ठेवा

जंगलात स्पीकर लावून पक्षी बोलावणाऱ्याला मी पक्षीनिरीक्षक मानत नाही. कोणाला राग आला तर येऊ दे.

अरुणाचलातलं नामदाफा १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १,९८५ चौरस किलोमीटरचं रान. देबानहून पहाटे निघालो. वाफेच्या इंजिनासारखे पंख वाजवत धनेश डोक्यावरून गेला. पायवाटेवर मात्र तीनदा भेटला तो मोबाइलमधला पक्षी.

तो आवाज ऐकून नराला वाटतं, हद्दीत घुसखोर आला. चरणं, घरटं राखणं सोडून तो उघड्यावर येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याचा ‘स्टँड-टू’ खोट्या खबरीवर. रोज खोटा अलार्म दिला तर कुठली पलटण धड राहील?

धनेशाचं आणखी नाजूक. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, उडायची पिसंही गाळते. नर फटीतून भरवतो. खाली कॅमेऱ्यांची रांग लागली की तो बिचकतो आणि आत उपास घडतो.

‘एकदाच वाजवला, काय बिघडतं?’ प्रत्येक टोळी एकदाच वाजवते! ‘गाइडचं पोट आहे त्यावर.’ त्याचं पोट त्याच्या कानांवर आणि रानाच्या माहितीवर आहे. स्पीकर काढायला लावते ती आपली यादी.

ओपीत तासन् तास निश्चल बसलेल्या माजी सैनिकांना संयम शिकवायला नको. म्हणून सांगतो, रानात शेजाऱ्याने स्पीकर काढला तर तिथल्या तिथे टोका.