तासाचा जाळ, दिवसाची ऊब

ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता, त्यांना आजचा विषय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. बंबाच्या पोटातून एक नळी जाते, नळीत बंबफोड पेटतो आणि भोवतीचे पाणी तापते. धूर निघून जातो, पण जाताना आपली आच पाण्याच्या स्वाधीन करतो. जुन्या चुलीच्या वैलाचेही तेच. पुढे भाकरी भाजून होते आणि तिथून निसटलेल्या आचेवर वैलावरची आमटी कढत राहते. वाया चाललेल्या आचेला कामाला लावण्याची ही युक्ती आपल्या आज्यांना पाठ होती. उत्तर युरोपातल्या लोकांनी ती एवढी मोठी केली आहे की, तिच्यावर अख्खे घर ऊबदार राहते. २०२३ च्या जानेवारीत फिनलंडमध्ये भाचीकडे राहून मी हे डोळ्यांनी पाहिले आणि पाठीने अनुभवले.

भाचीचे घर पूर्व फिनलंडात, जोएन्सू शहराबाहेर. बाहेर पारा उणे वीसच्या खाली. घराच्या ऐन मध्यावर एक दगडी चौथरा, माणसापेक्षा उंच. पुढे काचेचे दार. फिनिश भाषेत त्याचे नाव ‘वारावा ताक्का’, म्हणजे साठवण करणारी भट्टी. दगड संगजिऱ्याचा, त्याच भागातल्या युका गावचा. वजन सुमारे दोन टन! जावईबापूंनी हा आकडा सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी चटकन पायाखालच्या फळ्यांकडे पाहिले. पण भट्टीला जमिनीतून वेगळा पाया असतो, तिचा भार फळ्यांवर नसतो.

रोज संध्याकाळी जावईबापू बर्चची, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्या भाऊबंदाची, बारा किलो लाकडे रचीत. जाळ मात्र वरून लावीत! तळाशी कागद कोंबून पेटवण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे उलटेच वाटते. पण वरून पेटले की खालच्या लाकडातून निघणारा वायू जळत्या ज्वाळेतून जातो आणि धुराचे रूप घेण्याआधीच जळून जातो. जाळ तासदीडतास असा भडकतो की आत आठशे अंशांच्या वर उष्णता होते. मग सारे शांत. पुन्हा लाकूड घालायचे ते दुसऱ्या संध्याकाळी.

तुम्ही म्हणाल, मग चोवीस तास ऊब येते कोठून? ती दगडात साठलेली असते. तप्त वायू सरळ धुराड्यात जात नाही. त्याला दगडांमधल्या वाटांनी खालीवर फिरवतात, आणि तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ घेण्यासारखे फारसे उरलेले नसते. हिशेब विजेच्या बिलाच्या भाषेत सांगतो. सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट उष्णता असते. बारा किलोंची झाली अठ्ठेचाळीस. त्यातली पाचवा हिस्सा धुराड्यातून गेली असे धरले, तरी घराला जवळजवळ चाळीस युनिट मिळतात. दीड किलोवॉटचा हीटर दिवसरात्र चालू ठेवावा, तेवढी ही ऊब.

तिचा स्पर्श कसा असतो, ते मुंबई-पुण्याच्या वाचकाला ठाऊक आहे. मे महिन्यात रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून पाहा. सूर्य केव्हाच गेला, पण भिंत अजून शेकते आहे. जी गोष्ट आपल्याला नकोशी होते, तिच्यासाठीच ही मंडळी दोन टन दगड घरात आणून बसवतात.

या शहाणपणामागे टंचाई होती. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये लाकडाचा तुटवडा पडला आणि सरकारने कार्ल योहान क्रूनस्टेट व फॅबियन व्रेडे या दोघांना कमी लाकडात घर तापवणारी भट्टी बनवायला सांगितले. १७६७ साली त्यांनी धुराला खालीवर फिरवणाऱ्या वाटांची भट्टी सिद्ध केली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होते. रशियात तर भट्टीच्या माथ्यावर झोपण्याचीच सोय असे. रशियन लोककथांची मराठी पुस्तके ज्यांनी लहानपणी वाचली, त्यांना भट्टीवर लोळत थेट राजवाड्यात जाणारा आळशी एमेल्या आठवेल.

पण ऊब फुकट मिळत नाही, ती राखावी लागते. तो हिवाळाच काळजीचा होता. २०२२ च्या मे महिन्यात रशियाकडून येणारी वीज बंद झाली होती आणि पाळीपाळीने वीज तोडावी लागेल, असा इशारा सरकारी पातळीवरून दिला गेला होता. ती पाळी आली नाही. मात्र एका रात्री बर्फाच्या भाराने झाड तारांवर पडले आणि आमच्या वस्तीपुरता काळोख झाला. बाहेर उणे चोवीस, घरात भाचीची पाच महिन्यांची मुलगी. शेजारच्या आजीबाई टॉर्च आणि घोंगडी घेऊन आल्या. त्यांचे घर केवळ विजेवर तापणारे.

भट्टीत निखारे उरले होते. धुराड्याची झडप लावली की उरलेली ऊब घरात कोंडून राहते. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, लावून टाका ना, ऊब चालली सारी!” जावईबापू थांबले होते. निखाऱ्यांवर बारीक निळ्या जिभा दिसत होत्या. तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड. झडप लवकर लावली तर हा वायू घरात पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. आजीबाईंच्या बालपणी त्यांच्या वाडीतली दोन माणसे अशी झोपेतच गेली होती. त्या काय बोलल्या ते भाचीने आम्हाला सांगितले, “मामी, त्या म्हणतात, थंडी माणसाला जागे करते, हा वायू करीत नाही.” निखारे काळे पडेपर्यंत, चांगला पाऊण तास, आम्ही सहा जीव त्या दारासमोर बसून राहिलो. छोटी तेवढी झोपली होती. मग झडप लागली. सकाळी सातला वीज आली तेव्हा खोलीत एकोणीस अंश होते आणि दगडाला लावलेला तळहात काढावासा वाटत नव्हता.

हे वाचून कोणी शहरातल्या सदनिकेत लाकडे जाळायला निघू नये. आपल्याला तेवढी थंडी नाही, आणि चुलीच्या धुरातून सुटलेल्या बायकांना गॅसची किंमत विचारावी. लाकूड ओले असले तर ही भट्टीसुद्धा धूरच ओकते. शंभरात वीस भागांहून अधिक पाणी लाकडात चालत नाही. शिवाय गारठलेले घर ती तासाभरात तापवीत नाही, दगड आधी स्वतः तापतो. ज्याला कालच्या दिवशी उद्याचा विचार करता येतो, त्याचीच ती सोय.

फेब्रुवारीत आम्ही निघालो त्या सकाळी जावईबापू अंगणात ओली लाकडे फोडीत होते. ही कधी जाळणार, असे मी विचारले.

“पुढच्या हिवाळ्यात नाही, मामा, त्याच्याही पुढच्या. दोन उन्हाळे वाळू देतो,” ते म्हणाले. मग खिडकीतून दिसणाऱ्या लेकीकडे पाहून हसले. “तेव्हा ही ढलप्या आणून देईल.”