संशोधनाचा विषय हाकेच्या अंतरावर

बुंदेलखंडातील समथर हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. झाशी जिल्ह्यातील हे एक छोटे नगर. स्वातंत्र्यापूर्वी ते संस्थान होते. त्या काळाचा किल्ला अजून उभा आहे. झाशीशी मराठी माणसाचे नाते पेशवाईपासूनचे, त्यामुळे या मुलखात पिढ्यानपिढ्या स्थिरावलेली मराठी घरे आढळतात. समथरला राहणाऱ्या अशाच एका कुटुंबातील मुलगी मध्यंतरी मला भेटली. मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेऊन ती एम.बी.ए. करते आहे. प्रबंधासाठी तिने निवडलेला विषय होता : बहुराष्ट्रीय कंपन्यांतील प्रतिभा-व्यवस्थापन.

मी विचारले, "हा विषय तुला का घ्यावासा वाटला?"

ती प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, मागच्या वर्षीच्या एकाचा होता. थोडा बदलून घेतला. माहिती इंटरनेटवर मिळते."

तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी आस्थापना शाखा सांभाळत होतो. 'कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान' या विषयावरील शंभर प्रश्नावल्या घेऊन एक विद्यार्थी आला. त्या प्रश्नावल्या तीन लिपिकांनी एका दुपारी बसून भरल्या. साहेबांनी पाठवलेला कागद असल्याने सगळे कर्मचारी कागदोपत्री समाधानी निघाले. सर्वेक्षण पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर सही माझीच होती. त्याला पदवी मिळाली. त्या कार्यालयाविषयी नवे काहीही कोणाला कळले नाही.

यातून माझे एक मत बनले आहे. विषय निवडताना तो किती भारदस्त आहे हे पाहू नये. तीन गोष्टी तपासाव्यात. प्रश्नाचे उत्तर आपल्याला खरोखरच ठाऊक नाही ना? ते उत्तर कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे ना? आणि पुरावा आपण स्वतः चालत जाऊन पाहू शकतो ना? अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांना या शास्त्रात मोठे स्थान आहे. १९२४ मध्ये ते सुरू झाले तेव्हा प्रश्न अगदी साधा होता : दिव्यांचा उजेड वाढवला तर उत्पादन वाढते का? प्रश्न लहान होता, पण तो तिथल्या तिथे तपासता येत होता. म्हणूनच त्यातून मोठे प्रश्न निघाले.

मी त्या मुलीला विचारले, "तुझ्या घराजवळ रोज कामाला कोण जाते?" ती म्हणाली, "गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे. तिथल्या दीदींना आई चांगली ओळखते."

विषय तिथेच होता. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक आहारापासून शाळापूर्व शिक्षणापर्यंतची कामे अंगणवाडीत चालतात. ती करणाऱ्या स्त्रीला महाराष्ट्रात 'सेविका' म्हणतात, उत्तर प्रदेशात 'कार्यकर्त्री'. दोन्ही शब्दांनी 'कर्मचारी' हा शब्द टाळला आहे. तिला मिळते ते आपल्याकडे 'मानधन', तिकडे 'मानदेय'. 'वेतन' कुठेच नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या व तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. ज्या व्यक्तीला कर्मचारी म्हणायचे की नाही हेच ठरलेले नाही, तिच्या भरतीचा, प्रेरणेचा आणि मूल्यमापनाचा विचार कसा करायचा? मनुष्यबळ व्यवस्थापनात याहून मूलभूत प्रश्न क्वचितच सापडेल.

अर्थात एवढा मोठा प्रश्न एका प्रबंधात मावणार नाही. तो बारीक करावा लागेल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला इथे होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम यांचा १९९१ मधला सिद्धांत आठवतो. एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला जोडला, तर त्याचे श्रम त्या कामाकडे वळतात. न मोजले जाणारे काम मागे पडते. २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' हे मोबाईल ॲप आले. त्यावर नोंदी दिसतात. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगितली की नाही, ती कशी सांगितली, हे नोंदीत कितपत उतरते? म्हणून प्रश्न असा ठेवता येईल : समथरमधील दहा-बारा अंगणवाड्यांत दिवसाचा किती वेळ नोंदींना जातो आणि किती मुलांना मिळतो? उत्तर मला ठाऊक नाही, तिलाही नाही. कदाचित ॲपमुळे वेळ वाचतही असेल. ते कळले तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला उपयोग होईल.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील, असे मी तिला सांगितले. कार्यालयाची परवानगी रीतसर घ्यावी, पण प्रश्नावली पर्यवेक्षिकेच्या हातून वाटू नये. नाहीतर माझ्या त्या तीन लिपिकांचीच पुनरावृत्ती होईल. आणि ज्या स्त्रीचे मानदेय वरिष्ठांच्या हाती आहे, तिचे नाव किंवा केंद्र प्रबंधातून ओळखू येता कामा नये.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण काका, समथरवरचा प्रबंध पाहून मुलाखतीत कोण विचारणार?"

शंका रास्त आहे. नोकरी देणारी मंडळी मोठ्या नावांना भुलतात, हे मी नाकारत नाही. तरीही मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूला मी अनेकदा बसलो आहे. तिसऱ्या प्रश्नाला उसना विषय संपतो. स्वतः पाहिलेल्याबद्दल माणूस अर्धा तास बोलू शकतो. शिवाय घरात मराठी आणि गल्लीत बुंदेली बोलणाऱ्या या मुलीला त्या दीदींकडून जे ऐकायला मिळेल, ते बाहेरून आलेल्या संशोधकाला सहज मिळणार नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांच्या घरातही अशी मुले-मुली असतील. विषय निवडण्यापूर्वी त्यांनी एकदा आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावे, एवढीच विनंती. त्या मुलीने विषय बदलला की नाही, हे मला अजून कळलेले नाही. जाताना तिने दीदींची अंगणवाडी किती वाजता उघडते, ते आईला फोनवर विचारले होते.