आटे जुळतात ते का?

नळाची तोटी गळू लागली की प्लंबर कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा इंची तोटी आणतो, टेप गुंडाळतो आणि ती बसवून मोकळा होतो. तोटी एका गावची, पाइप दुसऱ्या गावचा, तरी आटे जुळतात! दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे नवलच ठरले असते. तेव्हा प्रत्येक नट आपापल्याच बोल्टावर बसे. यंत्र खोलताना कारागीर जोड्यांवर खुणा करून ठेवत.

१८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने लेथवर अचूक आटे पाडण्याची सोय केली. लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकते. दातेरी चाके आणि ‘लीड स्क्रू’ नावाचा लांब स्क्रू यांनी या दोन गती बांधून टाकल्या, की जॉबच्या एका फेऱ्यात टूल ठरलेलेच अंतर सरकते. १० मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाला हे अंतर दीड मिलिमीटर.

खरी कसोटी पुढेच. आटे एका दमात पडत नाहीत. थोडाथोडा धातू काढत टूल अनेकदा फिरवावे लागते, आणि दरवेळी ते त्याच खाचेत उतरले पाहिजे. हुकले की जॉब भंगारात. म्हणून कित्येक टर्नर लीड स्क्रूची पकड सोडतच नाहीत. टूल बाहेर घेऊन मशीनच उलटे फिरवतात. वेळ जातो, पण खाच चुकत नाही. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे हवे असतील तर १२७ दातांचे चाक लावतात. का? ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर!

मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले, कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंश सुचवले. या पाच अंशांनी दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना चांगलेच रडवले. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनात. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ६० अंशांवर एकमत झाले. आपल्या नळांत मात्र व्हिटवर्थचे ५५ अंश अजून टिकून आहेत.

स्कूटरचा प्लग घरीच बदलत असाल, तर पहिले दोन-तीन वेढे पान्याने नव्हे, हातानेच द्या. प्लगचे आटे पोलादी, हेड ॲल्युमिनियमचे. जड लागले तर जोर न लावता उलटा फिरवून काढा आणि पुन्हा सरळ बसवा. तिरपा चढवलात तर प्लगला फारसे काही होत नाही, आटे हेडचे जातात, आणि मग टर्नरकडे खेपा सुरू होतात.