लेझरला काय दिसत नाही?

पन्नास मीटरवरून लेझर मारायचा आणि बॅगेच्या हँडलवर चिकटलेले स्फोटकाचे कण ओळखायचे. ऐकताना सिनेमातलं वाटतं, पण यामागचं विज्ञान अगदी खरं आहे. आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडचा आहे. १९२८ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, की पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. किती बदलून, ते रेणूच्या कंपनांवर ठरतं. थोडक्यात, प्रत्येक रेणूची स्वतःची सही.

आता गंमत बघा. आरडीएक्स आणि टीएनटी, दोघांच्याही रेणूत अणू २१च आणि कंपनांचे प्रकारही ५७च. पण अणूंची मांडणी वेगळी, म्हणून सह्या वेगळ्या. या सह्या क्वांटम रसायनशास्त्राची समीकरणं सोडवून कॉम्प्युटरवर काढता येतात, स्फोटकाला हातसुद्धा न लावता! उत्तरं जरा चढी येतात, म्हणून एका लोकप्रिय पद्धतीत ती साधारण ०.९६ ने गुणून घेतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असले जुगाड नवे नाहीत.

पण माझ्या मते मॉडेलचं खरं काम सही काढून संपत नाही, तिथून सुरू होतं. यंत्राला काय दिसणार नाही, हे मॉडेलने आधी सांगायला हवं.

हिशोब सोपा आहे. रंग बदलून येणारा फोटॉन साधारण कोटीत एखादा. त्यात परतणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे १० मीटरऐवजी ५० मीटरवर उभं राहिलं की २५ पट कमी. हिरव्या ५३२ नॅनोमीटरऐवजी अतिनील २६६ वापरला तर सिग्नल १६ पट वाढतो खरा, पण समोर माणसं आहेत आणि त्यांना डोळे आहेत, त्यामुळे लेझरची ताकद हवी तेवढी वाढवता येत नाही. हवेत वास पकडावा म्हटलं, तर खोलीच्या तापमानाला आरडीएक्सची वाफ हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे जेमतेम काही रेणू. म्हणजे पृष्ठभागावरचे कणच शोधायचे. बंद सुटकेसच्या आतलं या लेझरला दिसत नाही. वर धूळ, रंग, तेलाचे डाग स्वतःच चमकतात आणि ती सही झाकून टाकतात.

आणि गर्दी? समजा एका स्टेशनात दिवसाला एक लाख माणसं येतात आणि यंत्र ९९ टक्के वेळा निर्दोष माणसाला निर्दोषच म्हणतं. ऐकायला झकास! पण उरलेला एक टक्का म्हणजे रोज १००० खोटे इशारे. चौथ्या दिवशी हवालदार ते यंत्र बंद करून ठेवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हे सगळं इतकं ताणून का सांगतोय? कारण याच क्षेत्रात एडीई ६५१ नावाचं एक यंत्र विकलं गेलं. एक मूठ, तिला फिरणारा अँटेना, आत बॅटरीसुद्धा नाही. मूळ कल्पना गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून उचललेली. इराकने ही यंत्रं प्रचंड पैसे मोजून घेतली आणि बगदादच्या नाक्यांवर ती वापरली. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही यंत्रं नाक्यांवर राहिली. जुलै २०१६ मध्ये कर्रादाच्या स्फोटात तीनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी ती काढून घ्यायचा हुकूम दिला.

त्या यंत्राच्या मर्यादा कुणी लिहून दिल्या नव्हत्या. देणार कशा? त्यामागे मॉडेलच नव्हतं. खऱ्या यंत्राची ओळख नेमकी उलटी असते: किती अंतरापर्यंत, किती कणांपर्यंत, कुठल्या पृष्ठभागावर चालेल आणि कुठे पार झोपेल, हे ते आकड्यांत सांगू शकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उद्या आपल्या स्टेशनांसाठी, विमानतळांसाठी असं काही विकत घ्यायचं झालं, तर टेंडरमध्ये डेमोच्या आधी मॉडेल मागा. त्याला स्वच्छ काचेवर नाही, तर आपल्या घामट, धुळकट, तेलकट बॅगांवर चालवून बघा. खोट्या इशाऱ्यांचा आकडा लेखी घ्या. 'डेमोत तर चालतंय' हे वाक्य आमच्या धंद्यात फार तर एक रिलीज बुडवतं. तिथे माणसं मरतात.