जित्याची तिरडी
बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापतात. मग वायफायच्या ॲडाप्टरनेच काय घोडं मारलंय? माझा अगदी धडधाकट आहे हो! पण त्याचा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने विंडोज ७ नंतर लिहिलाच नाही. अन् विंडोज ७ तर १४ जानेवारी २०२० लाच सेवानिवृत्त झाली. म्हणे, नवा घ्या! भाच्याने तोच लिनक्सला जोडला, तर बिनतक्रार चालला. म्हणजे कंपनीने जित्याचीच तिरडी बांधली! नवा घ्यावा, तर खोक्यावर वेगाचे टोलेजंग आकडे, आतल्या चिपचं नाव नाही. मॉडेल तेच, पण आवृत्ती बदलली की पुष्कळदा चिप निराळी. पाटी जुनी, आचारी नवा! ड्रायव्हर म्हणे इंटरनेटवरून उतरवा. अहो, त्या इंटरनेटसाठीच तर हा घेतला! चिपचं नाव आणि ड्रायव्हर कुठल्या सालापर्यंत देणार, एवढं छापा. खोक्यावर जागा नसेल, तर ते हसरं कुटुंब काढून टाका.