थार-जिम्नी उंच केली, पण चाकांच्या अलाइनमेंटचं काय?

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर थार आणि जिम्नी दिसायला लागतात. त्यातल्या काही लिफ्ट किट बसवून इंच-दोन इंच उंच केलेल्या असतात. अशा गाड्यांची चर्चा होते ती आरटीओवरून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल अडचणीत आणू शकतो. हे खरंच. पण अलाइनमेंट बिघडलेली गाडी एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने पळते, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. बॉडी वर गेली की आर्म खाली झुकतात. मग चाकाचा समोरून दिसणारा कल (कॅम्बर) आणि वरून पाहताना दिसणारी दिशा (टो), दोन्ही बदलतात. टायर एका कडेने झिजायला लागतो.

जिम्नीला पुढेही अखंड अ‍ॅक्सल आहे. त्यामुळे कॅम्बर बदलत नाही, आणि म्हणून 'हिला काही फरक पडत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. फरक पडतो! अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल बऱ्यापैकी सरळ जाते. हा तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. तो घटला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून नीट सरळ होत नाही आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. शिवाय पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच राहिला तर अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, ते वेगळंच.

खरी गोची पुढे आहे. 'अलाइनमेंट करून द्या' म्हटलं की बऱ्याचदा टाय रॉड फिरवून फक्त टो जुळवतात. स्क्रीनवर हिरवं दिसलं की गाडी बाहेर! कॅस्टर मोजायला चाकं टर्नप्लेटवर डावी-उजवीकडे वळवावी लागतात. ते केलं का, हे तिथेच उभं राहून बघा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या. जिम्नीत तर टो कितीही जुळवला तरी कॅस्टर परत येत नाही. त्यासाठी ऑफसेट बुश किंवा वेगळे आर्म लागतात. माझ्या मते हा खर्च किटच्या किमतीतच धरावा, आणि परवडत नसेल तर लिफ्ट पुढे ढकलावी. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा मोजून घ्या.

२०२४मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलांत एडॅसचा कॅमेराही आहे. गाडीची उंची किंवा पुढचा-मागचा कल बदलला, तर त्याचं कॅलिब्रेशनही तपासावं लागतं. ते टायरवाल्याकडे होत नाही.